एकाच किल्लीच्या दोघी

२८ डिसेंबर, बुझिगा

आले एकदाची! दोन बॅगा, पुस्तकांची चार खोकी आणि गॅसची शेगडी घेऊन टेकडीच्या माथ्यावर पोचले, तेव्हा ट्रकवाल्याने कपाळाचा घाम पुसत विचारलं, की वकीलबाई, या पुस्तकांत दगड भरलेत की कायदे? मी म्हटलं, फरक तो काय. तो खो खो हसला आणि पुस्तकांचं खोकं उलटं ठेवून गेला.

घर लहान आहे, पण उजेड भरपूर. पुढच्या खोलीच्या खिडकीतून सरोवर दिसतं. दुपारी ते इतकं चकाकतं की डोळे मिटावे लागतात. मी मात्र हे घर सरोवरासाठी भाड्याने घेतलेलं नाही, तारेसाठी घेतलंय. या उतारावर फायबरची तार थेट घरात येते आणि ती तार मला हवी आहे.

कारण एकच: किगेये. तिथल्या किनाऱ्यावर दीडशे घरं मासेमारीवर जगतात. त्यांच्या नावा, त्यांची वाळवणं, त्यांची थडगी सगळं उचलून तिथे खासगी धक्का बांधायचा घाट घातलाय एका कंपनीने, आणि पैसा दिलाय एका परदेशी बँकेने. त्या बँकेच्या तक्रार आयोगासमोर १३ जानेवारीला सुनावणी आहे. आयोगातली माणसं तीन देशांत बसलेली, म्हणून सुनावणी व्हिडिओवर. किगेयेच्या वतीने बोलणार मी. आयोगाने थांबा म्हटलं तर किनारा राहील. नाही म्हटलं तर महिन्याभरात कुंपण.

आणि नेमकी त्याच आठवड्यात निवडणूक. निवडणूक आली की आधी चॅट बंद, मग व्हिडिओ, मग सगळंच बंद, हे इथल्या शेंबड्या पोरालाही पाठ आहे. म्हणून भिंतीखालून भुयार खणायचं. लोक त्याला व्हीपीएन म्हणतात. एकदा राउटरमध्येच ते बसवलं की घरातली सगळी यंत्रं आपोआप त्या भुयारातून जातील.

संध्याकाळी शेजारच्या घरमालकीणबाई कुंपणापाशी आल्या. जुळ्यांची आई, म्हणून सगळे त्यांना न्नालोंगो म्हणतात. दिवस कसा गेला, माणसं कशी आहेत, कष्ट केलेस त्याबद्दल आभार, असं सगळं यथासांग झालं, मग इथल्या रिवाजाप्रमाणे शब्द संपल्यावरचे हुंकार. त्यांचा, माझा, त्यांचा, माझा, विरत विरत. शेवटचा हुंकार धाकटीने द्यावा ही माझ्या आईची शिकवण. तो मी दिला. त्यांनी मटोके, म्हणजे उकडलेली हिरवी केळी, आणि शेंगदाण्याची आमटी दिली. छान सुरुवात!

२९ डिसेंबर

सुरुवात छान होती हे शब्द परत घेते.

आधीच्या भाडेकरणीने ठेवलेला राउटर भिंतीवर आहे. त्याच्या पोटात व्हीपीएनची सोय आहे असं खोक्यावर छापलंय. आत गेले तर दोनच प्रकार. पहिला पीपीटीपी. हे कुलूप इतकं जुनं, की चोरालाही ते फोडायची लाज वाटावी. त्यातून किगेयेच्या लोकांचे जबाब पाठवायचे म्हणजे चौकात वाचून दाखवायचे. दुसरा एलटूटीपी. कुलूप बरं आहे, पण त्याचा चेहरा इतका ओळखीचा, की पहारेकऱ्याने हात वर केला की आधी तोच अडतो. आजपासूनच अडतोय. तीन तास खटपट केली.

नैरोबीला माझी मैत्रीण आयिकोरू असते. पत्रकारांसाठी आणि आमच्यासारख्या भांडखोरांसाठी तिने स्वतःचा सर्व्हर उभा केलाय; भुयाराचं दुसरं तोंड तिच्या दारात उघडतं. ती फोनवर म्हणाली, की राउटर बनवणाऱ्यांनी त्यात घातलेली प्रणालीच काढून टाक, मोकळी प्रणाली घाल, मग हवा तो व्हीपीएनचा क्लायंट बसवता येईल. मी म्हटलं, माझ्या हातून राउटर मेला तर? ती म्हणाली, मग त्याच्यावर भाषण कर, उठून बसेल.

तुरुंगातल्या माणसाला वकील मिळतो. घरात बसून खिडकी उघडू पाहणाऱ्याला या देशात खिडकीच विकत घ्यावी लागते, वर बिजागरी स्वतः ठोकावी लागते! यावर एक दिवस मी बोलणार आहे.

३१ डिसेंबर

राउटर मेला नाही. नवी प्रणाली बसली. त्यावर ओपनव्हीपीएनचा क्लायंट घातला. हे भुयार साध्या वेबच्या रहदारीत तोंड लपवून जातं, त्यामुळे अडवणं अवघड. माझ्या मनाला पटलं. शांतपणे, लपून, पण पक्कं.

पण राउटरचा जीव तो केवढा! एकेक अक्षर कुलपात घालताना त्याला धाप लागते. आयिकोरूबरोबर तालीम केली. मी किगेयेच्या थडग्यांबद्दल बोलत होते, आवाज चढला होता, आणि ती मध्येच हसायला लागली. माझा चेहरा म्हणे तोंड उघडं टाकून थिजलाय आणि आवाज डब्यातून येतोय, शिंक अडकलेल्या बोकडासारखा. अकरा वर्षं मी कोर्टात उभी राहतेय, मला कोणी बोकड म्हटलं नव्हतं.

वायरगार्ड नावाचं दुसरं व्हीपीएन घे म्हणाली. ते हलकं आहे, लहान राउटरलाही पेलतं. तुझ्या नावाची नवी फाईल करून पाठवते, त्यातच तुझी किल्ली असेल. पाठवली तिने. आणि माझ्या नशिबाने चॅट तेव्हाच बंद पडलं. फाईल अर्ध्यात अडकली. घोडं गंगेत न्हालं म्हणेपर्यंत घोडंच बुडालं.

बाहेर लोक नव्या वर्षाचे फटाके उडवताहेत. मी राउटरकडे बघत चहा पितेय.

२ जानेवारी

गावातल्या आर्केडमधून सेंबाट्याला आणलं. फोन दुरुस्त करतो, तोंड त्याहून वेगाने चालतं. आल्या आल्या म्हणाला, न्याबो, अहो बाईसाहेब, तुमच्याएवढी शिकलेली बाई आणि राउटरपुढे हात टेकले? मी म्हटलं, बाबा रे, मी हात टेकले नाहीत, त्याचा गळा धरलाय.

त्याने राउटरची साठवण उपसली आणि ओरडला, की हे बघा, आधीच्या बाईंची वायरगार्डची फाईल इथेच आहे! सर्व्हर तोच, तुमच्या मैत्रिणीचा. नवी प्रणाली घातली तरी ही पुसली गेली नव्हती. कशी, ते त्यालाही सांगता आलं नाही.

मी म्हटलं, दुसऱ्याची किल्ली मला नको. ज्याचं बोलणं त्याची किल्ली, हे तत्त्व आहे. यावर तो जे हसला! म्हणाला, अहो, मागच्या निवडणुकीत एक फाईल अख्ख्या आमच्या आर्केडने वापरली, मोटारसायकलवर सवारी नेणाऱ्या बोडावाल्यांनी वापरली, पाद्रीबाबांनी वापरली. चालणारी फाईल आणि सर्दी, दोन्ही या शहरात हातोहात पसरतात. किल्ली ही किल्ली. दार उघडल्याशी मतलब.

दार उघडलं. चित्र स्वच्छ, आवाज स्वच्छ. आयिकोरूच्या मागच्या भिंतीवरचं कॅलेंडर वाचता येत होतं. मी सेंबाट्याला दोन रोलेक्स, म्हणजे चपातीत गुंडाळलेलं ऑम्लेट, खाऊ घातले आणि तत्त्व खिशात ठेवलं.

४ जानेवारी

पुन्हा घोटाळा. नवीनच प्रकारचा.

मी बोलते, ते पलीकडे पोचतं. उत्तर मात्र येत नाही. कधी येतं, कधी मध्येच तुटतं. आयिकोरूला विचारलं, की ऐकतेयस का, तर पडद्यावर ती मान हलवतेय, हसतेय, बोलतेय, आणि मला काहीच ऐकू नाही. मग एकदम आवाज आला तो वाक्याच्या शेवटाचा. कशाचं उत्तर देत होती ती?

साधा फोन लावला. तिने सर्व्हरवर बघून सांगितलं, की तुझी किल्ली दोन ठिकाणांहून बोलतेय. वायरगार्डची रीत अशी म्हणे: सर्व्हर माणूस ओळखत नाही, किल्ली ओळखतो. एकाच किल्लीने दोघी बोलल्या, तर त्याच्या लेखी त्या एकच. आणि जी शेवटची बोलली, तिच्या दाराशी तो उत्तर टाकतो. मग दुसरी बोलली की दुसरीच्या.

म्हणजे आधीची भाडेकरीण अजून ती फाईल वापरतेय, मी म्हटलं. आयिकोरू म्हणाली, दुसरा पत्ताही तुझ्याच घराचा आहे.

५ जानेवारी

घर पालथं घातलं. जुना फोन, टीव्ही, विसरलेला टॅब, काही नाही. माळ्यावर पालींची अंडी. राउटरला माझा लॅपटॉप सोडून काही जोडलेलं नाही. सेंबाट्याला फोन केला, तर म्हणतो, न्याबो, तुमच्या घरात तुम्हीच दोन असाल, तुमचा आवाजच तेवढा आहे. त्याला मी काय काय म्हटलं ते इथे लिहीत नाही.

न्नालोंगोंना आधीच्या बाईबद्दल विचारलं. नाव नाकायेंगा. रेडिओवर बोलायची, मंत्र्यांना घाम फोडायची म्हणे. मग हळूहळू बोलणंच बंद झालं. घसा ठीक, जीभ ठीक, डॉक्टरांना काही सापडलं नाही. न्नालोंगो म्हणाल्या, खरं सांगू का बाई, ती बोलत असायची, ओठ हलायचे, पण आपलं लक्ष कसं ते लागायचंच नाही. शेवटी बहीण येऊन मसाकाला घेऊन गेली. रेडिओवरचा कार्यक्रम मात्र पुढे बरेच दिवस चालू होता.

तो कोण करत होतं, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, अगं तीच की.

निरोपाचे हुंकार झाले. त्यांचा, माझा, त्यांचा, माझा. मी वळले. त्यांनी मान किंचित कलती केली, माझ्या डाव्या खांद्याशेजारी पाहिलं, आणि आणखी एक हुंकार दिला. कोणाला तरी उत्तर दिल्यासारखा.

उन्हाने डोकं फिरलंय माझं. तेवढंच.

७ जानेवारी

आज मी इतकी संतापले आहे की पेन कागद फाडतंय.

किगेयेहून वालुगेंबे आजोबांचा फोन आला. ते किनाऱ्याचे पुढारी. सत्तरी ओलांडलेला माणूस, अजून स्वतःची नाव स्वतः ओढतो. म्हणाले, पोरी, काल तू व्हिडिओवर बोललीस ते सगळ्यांनी शाळेत बसून ऐकलं. तू इतकी सुंदर कधी बोलली नव्हतीस. बाया रडल्या. पण एक विचारू का, भरपाई घेऊन सुखाने निघा असं तू का म्हणालीस? परवापर्यंत तर थडगी सोडू नका म्हणत होतीस.

मी काल कोणाशी बोलले नाही. काल मी दिवसभर राउटरशी भांडत होते.

हे मी त्यांना ओरडून सांगितलं. मग ते म्हणाले, हो हो, बरोबर आहे तुझं, म्हातारी माणसं थकलीत, लढाई तरी किती करायची. आणि फोन ठेवला. हे उत्तर माझ्या बोलण्याचं नव्हतं! माझ्या बोलण्याला हे उत्तरच होऊ शकत नाही!

कंपनीचं काम आहे. माझा आवाज चोरून कोणीतरी यंत्रावर घडवलाय. असल्या गोष्टी होतात, मी वाचलंय. असं असेल तर त्यांना मी कोर्टात उभं चिरेन.

८ जानेवारी

राउटर भिंतीवरून उतरवला. तार काढली, वीज काढली. तो फडताळात ठेवला आणि दारावर खुर्ची लावली.

आयिकोरूला फोन. म्हणाली, किल्ली अजून बोलतेय. आत्ताही. एकच पत्ता दिसतोय आता, तुझ्या घराचा.

मी म्हटलं, घराला तारच नाहीये. ती म्हणाली, ठीक आहे, मग भेटू तेराला, मस्त तयारी झालीये तुझी. मी म्हटलं, आयिकोरू, मी काय विचारतेय आणि तू काय बोलतेयस? ती हसली. छान हसली. कोणाच्या तरी विनोदाला.

फोनला तर किल्ली नाही. फोनवरही तेच का व्हावं?

फाटकावर ओकिरोर पहारा करतो, तेसोकडचा, सरळ माणूस. मी त्याला म्हटलं, घरात कोणी आलं तर शिट्टी वाजव. तो माझ्याकडे बघत होता. मग माझ्या शेजारी बघितलं आणि म्हणाला, बरं मॅडम, कंपनीची गाडी आली की सोडतो आत.

९ जानेवारी

उपाय एकच. जुनी किल्ली रद्द. नवी घडवायची. आधीच हे करायला हवं होतं, पण डोकं ठिकाणावर असतं तर ना.

लॅपटॉपवर किल्ल्यांची नवी जोडी बनवली. तिच्यातलं खासगी अर्धं माझ्याजवळ, उघडं अर्धं आयिकोरूला सांगायचं, की तिने जुनं खोडून हे लिहावं. चव्वेचाळीस अक्षरं. मोठी लिपी, छोटी लिपी, आकडे. फोन लावला. मी पहिलं अक्षर म्हणायच्या आत ती म्हणाली, अगं, किती वेळा सांगशील? मघाशी अक्षर न् अक्षर सांगितलंस, मी घातलं. जुनी किल्ली काढून टाकली. आता भुयारात तू एकटीच आहेस.

मी विचारलं, कोणती अक्षरं घातलीस, वाच. तिने वाचली.

माझी नव्हती.

आता मीच बाहेर आहे. जिचं दार होतं ती बाहेर, आणि आत—

नाही. नीट विचार कर. संतापून चालणार नाही.

११ जानेवारी

आज सगळंच बंद. शहरभर. चॅट, व्हिडिओ, बँक, काही नाही. लोक चौकात उभे राहून हातातल्या मुक्या फोनांकडे बघताहेत. मला बरं वाटलं! तार नाही, जाळं नाही, आता ती कशावरून बोलेल?

दुकानात पाव मागितला. दुकानदारीणबाईने मला साबण दिला. आभार मानले माझ्या डाव्या बाजूचे.

पण एक कळलं. परतताना ओकिरोरशी मी भडाभडा बोलत सुटले, श्वास न घेता, पाव, साबण, मत, मंत्री, जे तोंडाला येईल ते. आणि तो माझ्याकडे बघत होता. माझ्याकडे! मला उत्तर देत होता. म्हणाला, मॅडम, दमाने, कोणी मागे लागलंय का? मी हसले, आणि हसायला थांबले तेवढ्यात त्याची मान सरकली.

जी शेवटची बोलली तिला उत्तर. एवढंच ते आहे. सर्व्हरची रीत इथवर आली आहे, माणसांत. तर मग बोलत राहायचं. ती बोलण्याआधी पुन्हा मी. बोलण्यात मला कोण हरवणार?

१३ जानेवारी

सुनावणी.

मला जोडताच आलं नाही. आयोगाने साध्या फोनसाठी एक ऐकण्याची लाईन ठेवली होती, परदेशी नंबर. ती लागली. ऐकण्यापुरतीच.

मी बोलत होते. तिथे. माझा आवाज, माझा श्वास, वाक्य तोडायची माझी लकब. थडगी आली, वाळवणं आली, वालुगेंबेंची नाव आली. इतकं चांगलं मी आयुष्यात बोललेली नाही. मलाच हुंदका फुटला. आणि मग वळण घेतलं— कसं घेतलं कळलंसुद्धा नाही— की म्हणून, सन्माननीय सदस्यहो, या थकलेल्या लोकांची लढाई इथे सन्मानाने संपू द्या. ते किनारा सोडतील.

मी फोनमध्ये किंचाळले. लाईन ऐकण्यापुरतीच.

आयोगाच्या बाई म्हणाल्या, की लोकांची संमती समक्ष हवी. परवा किनाऱ्यावर त्यांची माणसं कागद घेऊन येतील. अंगठे घेतील. सूर्यास्ताला त्यांची बोट परत फिरेल; त्याआधी अंगठे झाले नाहीत तर किनारा सोडण्याची ही कबुली बाद, आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून.

म्हणजे परवा. सूर्यास्तापर्यंत.

१५ जानेवारी, किगेये

बोडाने आले. रस्ताभर बोलत. बोडावाला म्हणाला, न्याबो, तुम्ही रेडिओ गिळलाय का.

किनाऱ्यावर सगळे. झाडाखाली टेबल, टेबलावर कागद, शाईचा डबा. मी बोलतेय. उभी राहून, मग नावेच्या काठाला टेकून, आता बसून. तोंड बोलतंय, हात लिहितोय. लिहिण्यावर तिची सत्ता नाही असं दिसतं. लिहिलं की वाक्य पुढे सुचतं, म्हणून लिहितेय.

मी बोलतेय तोवर ऐकताहेत. डोळे माझ्यावर. वालुगेंबे आजोबा मान डोलावताहेत. म्हणाले, हां, आता कसं, ही आपली पोर.

मघाशी खोकला आला. एकच. सगळ्या माना फिरल्या— डावीकडे— सगळ्या, एकदम, वाऱ्याने गवत फिरावं तशा. बाया हसल्या. एक म्हातारी टेबलाकडे निघाली, अंगठा पुढे धरून. मी ओरडून पुन्हा सुरू केलं. थांबली. परत आली.

बोलतेय. हक्काचं संपलं, कायद्याचं संपलं, आता सरोवराचं बोलतेय, माशांची नावं सांगतेय. काहीही. मध्ये जागा सोडायची नाही.

ती थकत नाही. माझ्या वाक्यांच्या फटींत तिचं श्वास घेणं ऐकू येतंय. माझ्याच छातीसारखं. थोडं पुढे.

आयोगाचा बोटवाला दोर सोडवतोय? नाही. आवळून बांधतोय. सूर्य अजून हातभर वर.

आवाज बसतोय. शब्द निघतोय की नुसती हवा— ते बघताहेत माझ्याकडे, अजून बघताहेत, आजोबा विचारताहेत, पोरी, पाणी देऊ का? मलाच विचारलं. मलाच.

नको म्हणायला हवं. बोलत राहा. मासे. नावं. मुपुटा, एन्गेगे, कांबाले—

घसा कोरडा, अक्षर फुटत नाही. त्यांनी लोटी पुढे केलीये. एक घोट. नुसता एक घोट, गिळायला किती वेळ लागतो, लगेच पुढचं वाक्य तयार आहे माझं, ते असं, की किगेयेच्या लोकांनो, तुमचा अंगठा हा—